शेटजींची अंडी

१४ सप्टेंबर २००७

याडीला, म्हणजे सासूबाईंना, ताप, म्हणून दोघंही तांड्यावर गेलो. कापसाची जिनिंग बंद पडून काम गेल्यापासून उ. पहिल्यांदाच माझ्यासोबत घराबाहेर निघाले. एरवी खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. नवरा घरात असून घरात नाही, असं चाललंय.

याडी कसली ऐकते. सुनेनं आणि लेकानं पांघरूण घातलं तरी तापातच वावर पाहायला निघाली. दीर पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारा मारत होते, म्हणून आम्ही लांब बांधाच्या धुऱ्यावर बसलो. तेवढ्यात पऱ्हाटीतून काहीतरी धपकन खाली पडलं. घोयरा. साध्या सरड्याहून मोठा, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, शेपटीची गुंडाळी. पार काळा पडलेला, तोंड उघडं, डोळे मिटलेले, अंग औषधानं ओलं.

दीर म्हणाले, दगड घाला त्याच्यावर, त्याचा वारा लागला की माणूस वाळत जातो. उ. उठले. खांद्यावरचा दुपट्टा टाकून त्याला उचललं आणि विहिरीवर नेऊन हळूहळू धुतलं, लेकराला धुवावं तसं.

याडीनं विचारलं, "ई कांई छ?" हे काय आहे, एवढंच. उ. नी बंजारा गोरबोलीतच सांगितलं की घोयरा आहे आणि मी याला मरू देणार नाही.

कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं. म्हणून मी अडवलं नाही. एसटीत टोपलीवर दुपट्टा बांधून महागावला आणला.

१५ सप्टेंबर

शिलाईच्या खोलीत खिडकीशी जास्वंदीची कुंडी आहे, तिच्यावर ठेवला. फांदीला बोटं आवळून बसलाय, पण डोळे बंदच. वाटीत पाणी ठेवलं, पाहिलंसुद्धा नाही. माशी धरून समोर नेली, तेही नाही.

घरमालकीण देशपांडे काकू गणपतीचा प्रसाद घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांचं म्हणणं, घरात पाली असतात तेवढ्या पुरेत, आणखी विकत कशाला. म्हटलं, काकू, विकत नाही, आजारी आहे. बरा झाला की सोडून देऊ. प्रसाद उंबऱ्यावर ठेवून वर गेल्या.

बरा होईल असं मला मात्र वाटत नाही. उ. ना सांगितलं नाही.

१७ सप्टेंबर

आज एक गोष्ट झाली.

कोणाच्या तरी पैठणीचा ब्लाऊज इस्त्रीला घेतला होता. सवयीनं कापडावर पाणी शिंपडलं, चार थेंब जास्वंदीवर उडाले. पानावरून एक थेंब ओघळला आणि घोयऱ्यानं डोळा उघडला. एकच. तो डोळा थेंबाबरोबर खाली खाली फिरला. मग मान पुढे केली नि चाटला. मग दुसरा.

मी इस्त्री उभी करून उ. ना हाक मारली. दोघांनी मिळून सगळं झाड शिंपडलं. तो कितीतरी वेळ पीत राहिला. वाटीतलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही. पानावरचं दव तेच पाणी.

उ. म्हणाले, "तहानेनं मरून राह्यला होता बिचारा, अन् आपण वाटी दाखवून राह्यलो त्याले."

इस्त्री उभी होती म्हणून पैठणी वाचली.

२० सप्टेंबर

आता खाण्याचा घोर. याला नाकतोडे पाहिजेत. नाकतोडे गावाभोवती रगड, पण सगळे पऱ्हाटीतले नाहीतर सोयाबीनमधले, म्हणजे सगळे औषध प्यालेले. काल उ. नी दोन धरून आणले होते, ते आपोआपच पिशवीत पाय ताणून मेले. नशीब, खाऊ घातले नव्हते.

तांड्यावर शेजारच्या वावरातला एक माणूसही फवारताना पडला. पुसदच्या दवाखान्यात आहे, शुद्धीवर आला म्हणतात.

याडीचा निरोप: नाल्यापलीकडच्या गायरानात कोणी पेरत नाही, कोणी फवारत नाही, तिथं पाहा.

उ. सकाळी सायकल काढून गेले. महिनोन् महिने पडून राहिलेल्या सायकलच्या चाकात हवा भरलेली पाहून मलाच कसंतरी झालं.

२४ सप्टेंबर

खाल्लं.

नाकतोडा फांदीवर सोडला. दोन्ही डोळे, जे एरवी दोन दिशांना फिरतात, ते एकदम पुढे आले. तोंड थोडं उघडलं. मग काय झालं ते दिसलंच नाही. नाकतोडा फांदीवर होता, नंतर त्याच्या तोंडात होता. दुसऱ्या वेळी नीट पाहिलं तर जीभ, अंगाएवढी लांब.

रंगही उतरला काळा. हिरवा आहे हा, अंगावर पिवळट ठिपके.

एक पाऊल उचलतो, हवेत झुलवतो, विचार करतो, मग टाकतो. उ. पाहत होते, म्हणाले, "आमच्या जिनिंगचा शेटजी असाच चाले. एक डोया वजनकाट्यावर, एक कापूस आणणाऱ्या कास्तकारावर."

आणि हसले. मी मशीन थांबवली नाही, चालूच ठेवली, म्हणजे ते थांबणार नाहीत.

नाव पडलं. शेटजी.

२ ऑक्टोबर

पिंजरा तयार. उ. नी भंगारातून लोखंडी पट्ट्या आणून चौकट केली. कोपरे असे जुळवलेत की बोट फिरवलं तर लागत नाही. एवढे महिने हे हात रिकामे होते. जाळी मी शिवली, जुन्या मच्छरदाणीची, पुढून चेन लावली. ब्लाऊजला चेन लावते तशीच, फक्त मोठी. आत जास्वंद, वर बल्ब, आणि उ. नी सलाईनच्या जुन्या नळीला चकती लावून असं केलंय की डब्यातून थेंब थेंब पानावर पडतो.

शेटजी आत गेले, सगळीकडे फिरून पाहिलं, वरच्या फांदीवर बसले.

उ. नी पिंजऱ्याला बाहेरून रंगही दिला. विचारलं, काहून? तर म्हणे, काम अर्धं सोडायचं नसते.

११ ऑक्टोबर

गिऱ्हाईक कमी होईल असं वाटलं होतं. उलट बाया ब्लाऊजचं माप द्यायला येतात नि पिंजऱ्यापुढे बसतात. एकीनं गुलाबी अस्तर त्याच्यामागे धरलं, गुलाबी होते का पाहू म्हणून. नाही झाला. मग पिवळं, मग लाल. शेटजी वैतागून काळे पडले. सगळ्यांना समजावून सांगते की हा कापड पाहून रंग बदलत नाही. थंडी, ऊन, भीती, राग, यानं बदलतो. आम्ही तेवढंच पाहिलंय.

काकू जिन्यावरून जाताना मान फिरवतात. पण आज जरा सावकाश गेल्या.

२२ ऑक्टोबर

चांगलं नाही. खाणं सोडलं. पोट फुगलं, अंगावर तपकिरी चट्टे. सारखा खाली उतरतो, जाळीला नखं घासतो, फरशी खरवडतो. दोन वेळा जाळीवरून पडला. उ. नी गायरानातून धरून आणलेला हिरवा नाकतोडा तसाच त्याच्या पाठीवर चढून बसला होता.

दिवाळीचे कपडे डोक्यावर, बायांचा तगादा. आणि मी मधेमधे उठून पाहते, जिवंत आहे का.

उ. जेवले नाहीत. मला भीती वेगळीच. हा मेला तर हा माणूस परत भिंतीकडे तोंड करेल.

२३ ऑक्टोबर

याडी आली, दिवाळीसाठी तिचं पोलकं शिवायचंय. पिंजऱ्यापुढे उकिडवी बसली. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहून हसली नि म्हणाली, "हे बाई हाय. माती द्या तिले."

उ. तसेच उठले. काकूंच्या अंगणातली माती, गायरानातली रेती, दोन्ही चाळून मोठ्या टबात भरली. काकू वरून पाहत होत्या, काही म्हणाल्या नाहीत.

२६ ऑक्टोबर

सकाळपासून टबात. डोकं खाली घालून पुढच्या पायांनी उकरत होती, तो नव्हे, ती. दुपारपर्यंत फक्त शेपटी बाहेर. मग उलटी फिरली. आम्ही पिंजऱ्यावर चादर टाकली, दुकान बंद केलं. फळीला पाटी लावली, आजारपणामुळे बंद. दुसरं काय लिहिणार.

संध्याकाळी बाहेर आली. माती बुजवून, पायांनी दाबून. पोट पाठीला लागलेलं, तोंडभर माती. फांदीवर चढताना दोनदा थांबली. पाणी शिंपडलं तर पीत सुटली.

उ. नी माती बाजूला करून पाहिलं. पांढरी अंडी, करवंदाएवढी, वीसहून जास्त.

नाव बदलायचं का, मी विचारलं. उ. म्हणाले, राहू दे, शेटजीनं अंडी दिली हे लोकाले सांगताना मजा येईल.

आज आमच्याकडे दिवाळी झाली. खरी यायचीच आहे.

२९ ऑक्टोबर

शेटजी खातात. एकामागून एक.

अंडी थर्माकोलच्या डब्यात, दमट रेतीत. जशी होती तशीच उचलून ठेवली. प्रत्येकावर मी कापडाच्या खडूनं वरच्या बाजूला टिंब केलंय, म्हणजे उलटी होणार नाहीत. हे कुणी सांगितलं नाही, आपलंच. काही झालं तरी आईनं ठेवली तशी असावीत, एवढं वाटलं.

किती दिवस लागतील? कोणालाच माहीत नाही. याडी म्हणते, कोंबडी नव्हे ती, धीर धरा.

२६ नोव्हेंबर

वनखात्याचा गार्ड आला. कोणीतरी सांगितलं. साधा माणूस, आधी चपला काढून आत आला. पण म्हणाला ते साधं नव्हतं. घोयरा पाळता येत नाही, कायद्यात नाव आहे त्याचं. केस होऊ शकते.

आम्हाला खरंच माहीत नव्हतं. मी घाबरले. उ. मात्र उठले, शर्ट बदलला, म्हणाले, "चला, मीच येतो साहेबाकडे. सगळं सांगतो."

काकू जिन्यात उभ्या होत्या. गार्ड गेल्यावर म्हणाल्या, "मंगल, मी नाही हं सांगितलं." त्या खोटं बोलत नाहीत.

२७ नोव्हेंबर

रेंजर साहेब स्वतः आले. तरुण आहेत. पिंजरा पाहिला, चेन उघडून बंद केली, थेंबाची नळी पाहिली. नळी कुणी केली, विचारलं. मग अंड्यांचा डबा. त्यातली टिंबं एकेक करून पाहिली.

नियमाप्रमाणे प्राणी यवतमाळला न्यायला पाहिजे. पण अंडी जीपमध्ये हादरली तर गेली. साहेबांनी बाहेर जाऊन नागपूरला कोणा जाणकाराला फोन केला. आत येऊन सांगितलं: अंडी फिरवायची नाहीत, रेती कोरडी होऊ द्यायची नाही, थंडीपासून जपायचं. टिंबं केली ती बरोबर. पिल्लं निघेपर्यंत सगळं इथंच राहील, गार्ड दर आठवड्याला पाहून जाईल. नंतर सगळे जंगलात जातील, आईसुद्धा. कबूल का?

उ. म्हणाले, "तिचं घर तेच आहे, साहेब."

तसा कागद लिहून दिला. मी पोहे केले. साहेबांनी खाल्ले, आणि जाताना नळीकडे परत एकदा पाहिलं.

१६ डिसेंबर

भांडण.

नागपूरहून चुलतदिराचा फोन. एका कॉलनीत वॉचमनची जागा आहे, पुढच्या आठवड्यात रुजू व्हा. मी मनात सगळं मांडूनही टाकलं. उ. म्हणाले, पिल्लं निघाल्यावर पाहू.

तोंडातून निघून गेलं की सरड्याच्या अंड्यांपायी कोणी नोकरी सोडतं का. दिवस दिवस मशीन मी मारते, पाठ माझी जाते. तेही चिडले. म्हणाले, "तिथं रात्रभर खुर्चीवर बसून मी परत तसाच होईन. तुले तसा पाहिजे काय?"

 दोघं दोन खोल्यांत जेवलो.

१८ डिसेंबर

अबोला संपला. मीच संपवला. चहा ठेवला नि विचारलं, रेतीवर आज पाणी शिंपडलं का.

नागपूरला नाही म्हणून कळवलं. बरोबर केलं की चूक, देव जाणे. पण तो माणूस पुन्हा भिंतीकडे पाहणार नाही, हे मला पाहिजे होतं, ते मी त्याच्याशी भांडताना विसरले होते.

१० जानेवारी २००८

कडाका. त्यात भारनियमन, सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं. बल्ब बंद की डबा गार. गोधडी गुंडाळतो, गरम पाण्याच्या बाटल्या भोवती लावतो. तीन अंड्यांना बुरशी धरली, उ. नी चमच्यानं उचलून काढली. 

शेटजी दिवसभर काळपट, हलत नाहीत. माझ्या खांद्यावर ठेवते, मशीन चालवताना. अंगाची ऊब लागली की हिरवी होत येते. गिऱ्हाईक माप देताना जरा लांबून देतं.

१२ जानेवारी

काकू आल्या. पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत. हातात स्टीलचा पेला, त्यावर बशी, नाकाला पदर. पेल्यात झुरळ.

म्हणाल्या, "आमच्या स्वयंपाकघरातलं आहे. औषध मारत नाही मी, यांना दम्याचा त्रास होतो. चालेल ना तिला?"

शेटजींनी एका फटक्यात घेतलं. काकू मागे सरकल्या, मग पुढे झुकल्या. "परत दाखवा" असं म्हणाल्या असत्या, पण त्यांच्याकडे दुसरं झुरळ नव्हतं.

मग डब्याची चौकशी केली. लाइट गेल्यावर काय करता, विचारलं. मी बाटल्या दाखवल्या. वर गेल्या. थोड्या वेळानं वरून उ. ना हाक, "उत्तम, वायर आहे का लांब? आमच्या इन्व्हर्टरवर एक बल्ब चालेल. यांचं दम्याचं मशीन नि तुमचा बल्ब, बाकी मी काही लावणार नाही."

उ. नी जिन्यातून वायर आणली. अंगणातली काकूंची जुनी पाण्याची मोटर कित्येक महिने बंद होती, तीही सुरू करून दिली. काकूंनी सांगितलं नव्हतं.

आज संध्याकाळी गावभर अंधार नि आमच्या डब्यात उजेड.

१६ फेब्रुवारी

अंडी मोठी झालीत. बोरांएवढी. खडूची टिंबं ताणून फिकट झालीत.

बॅटरी मागून धरली तर आत लाल शिरा. एकात काहीतरी हललं. उ. नी मला दाखवलं, मी काकूंना. काका जिना उतरून आले, दम लागला, खुर्चीवर बसून पाहिलं. 

शेटजींची तब्येत मस्त. लग्नसराईचं काम मस्त.

२४ मार्च

होळी झाली, ऊन चढलं. बल्बची गरज नाही, आता उलटं, डबा गार ठेवायचा. उ. नी मातीच्या मोठ्या परातीत ओली रेती नि वर डबा, असं केलंय.

आज अंड्यांवर घाम. थेंब थेंब. काही जराशी बसलेली वाटतात. घाबरले. उ. नी रेंजर साहेबांना बूथवरून फोन लावला. साहेब म्हणाले, हात लावू नका, वेळ आली.

२५ मार्च

निघाली!

सकाळी कात्रीनं कापावी तशी टोकाला चीर. त्यातून नाक. नाकच फक्त, किती वेळ. मग एक डोळा, तिळाएवढा, गोल फिरला आणि आम्हाला पाहिलं. मग एकदम सगळं बाहेर, माझ्या करंगळीहून लहान, शेपटीची गुंडाळी आधीच केलेली. बाहेर आल्या आल्या उ. च्या बोटावर चढलं. पाऊल उचललं, हवेत झुलवलं, विचार केला, टाकलं. अगदी शेटजी.

दिवसभर एकेक येत राहिलं. दुपारी याडीला निरोप गेला, ती तांड्यावरच्या चार बाया घेऊन आली. काकूंनी सगळ्यांना सरबत दिलं. तांड्याच्या बाया त्यांच्या वरच्या घरात आजवर गेल्या नव्हत्या. आज पंख्याखाली बसल्या.

दीरही आले. दारात उभे राहून पाहिलं, मग उ. ना म्हणाले, "दादा, वारा लागते म्हणत होतो मी." उ. म्हणाले, लागलाच नं, मग वाळलो काय मी? आणि त्यांच्या मनगटावर एक पिल्लू चढवलं. दीर हलले नाहीत, तसेच उभे.

काही अंडी नाही उघडली. ती उद्या पाहू. आज नाही.

२ एप्रिल

एवढ्या तोंडांना काय घालायचं. नाकतोडा त्यांच्याहून मोठा. उ. नी सडकी पपई नि केळी टांगली, त्यावर चिलटं आली, पिल्लं चिलटं टिपतात. वास असा की माप द्यायला आलेल्या बाया नाकाला रुमाल लावतात नि तरीही बसतात. शाळेतून पोरांना घेऊन बाई आल्या होत्या. उ. नी सगळं सांगितलं, न अडखळता. पिल्लांना आईपासून वेगळं का ठेवलं तेही सांगितलं. ती आपली परकी ओळखत नाही, हललं ते खाणं. 

मी मशीनवर बसून ऐकत होते. जिनिंगमध्ये अडकलेली मशीन कशी सोडवली ते सांगायचे तेव्हा असंच बोलायचे.

१८ मे

पारा बघवत नाही. खिडकीला खसचे पडदे, दिवसभर पाणी. तीन पिल्लं गेली. एक नेमकं काकूंच्या हातावर. त्या दिवसभर खाली आल्या नाहीत. संध्याकाळी आल्या, हातात पेला, पेल्यात चिलटं. 

बाकीची बोटाएवढी झालीत. भांडतात. फांद्या वाटून घेतल्यात.

२९ जून

आज सोडलं.

रान हिरवं झालं म्हणून साहेबांनी हाच दिवस ठरवला. जीपमध्ये मी, उ., काकू. काकू जंगलात जायला पांढऱ्या बुटांत निघाल्या होत्या. पिल्लं वेगवेगळ्या झाडांवर, लांब लांब. पिशव्या मी शिवल्या होत्या, प्रत्येकाला वेगळी. चढली की दिसेनाशी होतात. काकू एकाकडे बोट दाखवत राहिल्या आणि तिथं पानच होतं.

शेवटी शेटजी. उ. नी हात बाभळीला लावला. ती हातावरच बसून राहिली. मग एक पाय फांदीवर, झुलवला, परत हातावर. आम्ही सगळे थांबलो. मग गेली. थोडी वर जाऊन काळी झाली, मग हिरवी, मग झाडच राहिलं.

उ. नी हात खाली घेतला नाही बराच वेळ. मला वाटलं रडतील. तर वळले नि साहेबांना म्हणाले, "साहेब, त्या कडेला पाण्याचं डबकं आहे, पण त्याले झाडावर दव पाहिजे. बाभळी राखा इथल्या."

साहेबांनी मान हलवली.

परत येताना विचारलं साहेबांनीच. यवतमाळला जखमी जनावरं ठेवायची जागा नव्यानं होतेय. पिंजरे, पाणी, ऊब, हे कळणारा माणूस पाहिजे. सुरुवातीला काही दिवस येऊन पाहाल का? पुढचं नक्की नाही, मंजुरी यायची आहे.

उ. नी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहिलं, हसू लपवायला.

४ जुलै

घर कसंतरीच. पिंजरा रिकामा. एका बाईनं विचारलं, शेटजी कुठं? म्हटलं, गावाला गेले.

यवतमाळला जायचं की नाही, रोज बोलणं. मंजुरी आली नाही तर? आली तर मी इथलं दुकान सोडायचं का? एवढी बांधलेली गिऱ्हाईकं. काकू म्हणाल्या, खोली मी कोणाला देणार नाही, तुमचं ठरेपर्यंत. याडी म्हणते, जा. काम हातात घेऊन बसलेला लेक पाहिला तिनं, आता तिला दुसरं काही नको.

ठरलं एवढंच की उ. आधी एकटे जातील.

७ जुलै

सकाळच्या एसटीनं गेले. पिशवीत कपडे कमी, हत्यारं जास्त. निघताना सांगून गेले की जास्वंदीला पाणी घाल. 

संध्याकाळी काकूंच्या फोनवर त्यांचा फोन आला. पंख मोडलेलं घुबड आहे म्हणे. एक कासव, पाठीला भेग पडलेलं, त्याला पाण्यात कसं बसवायचं यावर दिवसभर डोकं लावलं. आणि एक घोरपड, सापळ्यात पाय गेलेली, खातच नाही, तिच्यासाठी उद्या पहाटे काहीतरी करून पाहणार. पिंजऱ्यांचे कोपरे सगळे चुकीचे आहेत. साहेबांना सांगितलं, साहेब म्हणाले, करा. बोलत होते, बोलत होते. काकू समोर बसून ऐकत होत्या, मला खुणेनं विचारत होत्या, काय म्हणतो, काय म्हणतो.

मी फक्त हं हं करत होते. मग नाणी संपली नि फोन तुटला.

कधी येणार, हे विचारायचंच राहून गेलं.